एक कथा, अनेक रूपे : जागतिक परंपरांच्या संदर्भात मराठी नाताळ

सारांश

येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव, म्हणजेच नाताळ, जगातील बहुतेक ख्रिस्ती समाज साजरा करतात. जन्माची कथा सर्वत्र एकच आहे. मात्र तिथी, उपवास, खाद्यपदार्थ, दिवे, गीते आणि लोकाचार यांत देशोदेशी मोठा फरक आढळतो. प्रस्तुत लेखात या फरकांमागील कारणांचा विचार करून गोवा, वसई, अहिल्यानगर आणि मराठवाडा या प्रदेशांतील नाताळाचे स्वरूप तपासले आहे. मराठी नाताळ हा पाश्चात्त्य सणाची नक्कल नसून ओवी, भजन, कीर्तन, करंजी आणि कंदील या स्थानिक साधनांतून घडलेला उत्सव आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नाताळ, सांस्कृतिक रूपांतर, ख्रिस्तपुराण, ख्रिस्ती कीर्तन, मराठवाडा, लोकाचार.

१. प्रस्तावना

बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगररांगेत, श्रीक्षेत्र कपिलधार वसले आहे. 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते, मराठी संतकवी मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी येथे असून कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून, तसेच कर्नाटक व तेलंगणातून वीरशैव लिंगायत भाविकांच्या दिंड्या पायी येतात. गावोगावी अखंड शिवनाम सप्ताह होतात, 'परमरहस्या'चे पारायण होते, रात्री शिवकीर्तन रंगते.

वारकरी संप्रदायाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला ही सर्व रूपे ओळखीची वाटतात. दिंडी, सप्ताह, पारायण आणि कीर्तन ही पंढरीच्या वाटेवरचीही साधने होत. तत्त्वज्ञान मात्र निराळे आहे. एकीकडे विठ्ठलभक्ती, तर दुसरीकडे इष्टलिंगाची उपासना. म्हणजे येथे आशय वेगळा असून आविष्काराचे रूप सामाईक आहे.

नाताळाचा जागतिक अभ्यास करताना याच्या नेमके उलट चित्र दिसते. तेथे आशय सामाईक आहे आणि रूपे भिन्न आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच नियमाच्या दोन बाजू आहेत : श्रद्धेचा आशय दूरवरून येऊ शकतो, परंतु ती व्यक्त करण्याची साधने माणूस आपल्या मातीतूनच घेतो. मराठी ख्रिस्ती समाजाचा नाताळ या नियमाचे एक उत्तम उदाहरण आहे. त्याचा आशय रोम, मनिला आणि लालिबेला यांच्याशी जोडलेला आहे, तर त्याची रूपे पंढरपूर आणि कपिलधार यांच्याशी नाते सांगतात. असे असूनही आपल्या महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांवर नाताळ म्हटले की बर्फ, सूचिपर्णी वृक्ष आणि लाल झग्यातील सांताक्लॉज एवढेच अवतरते. या चित्रात आपल्याच वर्गातील मराठी ख्रिस्ती विद्यार्थ्याचे घर कोठेही दिसत नाही. ही उणीव प्रस्तुत लेखामागील प्रेरणा आहे.

२. तिथीचा प्रश्न

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. बायबलमध्ये येशूच्या जन्माची कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. पण जन्मदिवस कोठेही दिलेला नाही. २५ डिसेंबर ही तिथी रोममध्ये इ. स. ३३६ च्या सुमारास पाळली जात असल्याचा पुरावा मिळतो. ही तिथी का निवडली गेली, याविषयी दोन मते प्रमुख आहेत. हिवाळ्यातील अयनदिनाच्या सुमारास होणाऱ्या सूर्योत्सवाशी तिचा संबंध होता, असे काही अभ्यासक मानतात. मरियेला देवदूताचा संदेश २५ मार्चला मिळाला असे मानून त्यापुढे नऊ महिने मोजले गेले, असे इतरांचे म्हणणे आहे.

ही तिथीही सर्वांना मान्य नाही. रशिया, सर्बिया आणि जॉर्जिया येथील ऑर्थोडॉक्स चर्च धार्मिक सणांसाठी जुने ज्युलियन पंचांग वापरतात. सध्या त्या पंचांगात आणि आपल्या नित्य वापरातील ग्रेगरियन पंचांगात १३ दिवसांचे अंतर असल्याने त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. इथिओपियातही हा सण बहुधा ७ जानेवारीलाच येतो, परंतु तेथील पंचांग स्वतंत्र आहे. आर्मेनियन चर्च ६ जानेवारीला येशूचा जन्म आणि बाप्तिस्मा यांचा एकत्र उत्सव करते. युक्रेनने २०२३ मध्ये कायद्याने नाताळाची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणली. रशियाशी चालू असलेल्या युद्धाच्या काळातील हा निर्णय पाहता, तिथीची निवड सांस्कृतिक ओळखीचीही निवड असते, हे स्पष्ट होते. निरनिराळ्या पंचांगांनुसार एकाच सणाचे दोन दिवस पाळणाऱ्या आपल्या समाजाला ही बाब नवी नाही.

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, काही ख्रिस्ती समाजांनी नाताळ मुळातच नाकारला होता. बायबलमध्ये आधार नसलेला सण पाळू नये, अशी प्युरिटन पंथीयांची भूमिका होती. इंग्लंडमध्ये १६४७ मध्ये नाताळावर बंदी आली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळाची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राच्या संदर्भात हा तपशील का महत्त्वाचा आहे, ते पुढे येईल.

३. जगातील काही रूपे

येथे सर्व देशांची जंत्री देण्याचा हेतू नाही. स्थानिक जीवन आणि सणाचे रूप यांचा संबंध स्पष्ट करणारी चार उदाहरणे पुरेशी आहेत.

*मेक्सिको :* येथे १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री 'पोसादा' होतात. 'पोसादा' म्हणजे उतरण्याची जागा, धर्मशाळा. योसेफ आणि गर्भवती मरिया बेथलेहेमात निवारा शोधत फिरले, या प्रसंगाचा अभिनय करीत लोक दारोदार जातात. बाहेरचे गटाने गाऊन आसरा मागतात, आतले गाऊनच नकार देतात आणि अखेरीस एक दार उघडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश धर्मगुरूंनी ही प्रथा रूढ केली. त्याच ऋतूत होणाऱ्या मूळ रहिवाशांच्या उत्सवाची जागा तिने घेतली.

*फिलिपाइन्स :* येथेही १६ ते २४ डिसेंबर हेच नऊ दिवस महत्त्वाचे आहेत. मात्र उपासना रात्री न होता पहाटे होते. शेतकऱ्यांना शेतावर जाण्यापूर्वी प्रार्थनेला येता यावे म्हणून ही वेळ ठरली, असे सांगितले जाते. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत चालणारा आपल्याकडील काकडा आठवावा, असे हे साम्य आहे. प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात तांदळाचे गरम पदार्थ खाल्ले जातात. घरोघरी बांबूच्या काड्या व कागद यांचे तारकाकार कंदील लावतात.

*इथिओपिया :* 'गेन्ना' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सणापूर्वी चाळीसहून अधिक दिवस मांस, दूध व अंडी वर्ज्य असतात. सणाच्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून लोक रात्रभर उपासना करतात. एका अखंड खडकातून कोरलेल्या लालिबेलाच्या चर्चांकडे हजारो यात्रेकरू जातात. काठीने चेंडू टोलवण्याचा एक खेळही या दिवशी खेळतात. त्याचे नावही गेन्नाच आहे.

*पोलंड :* २४ डिसेंबरच्या सायंकाळी आकाशात पहिली तारका दिसेपर्यंत उपवास असतो. मेजावरच्या कापडाखाली गोठ्याची आठवण म्हणून वाळलेले गवत पसरतात. एक पान अनपेक्षित पाहुण्यासाठी रिकामे ठेवतात. जेवणापूर्वी सर्वजण पातळ पापुद्र्यासारखी रोटी एकमेकांसोबत मोडून वाटून घेतात आणि शुभेच्छा देतात.

या चारही ठिकाणी कथेतील निरनिराळा भाग पुढे आलेला दिसतो. मेक्सिकोने निवाऱ्याचा शोध घेतला, फिलिपाइन्सने तारा, इथिओपियाने उपवास आणि यात्रा, पोलंडने गवत आणि पाहुणचार. जो भाग लोकजीवनाशी जुळतो, तो उत्सवात ठळक होतो.

४. एक चित्र सार्वत्रिक कसे झाले ?

मग सांताक्लॉज आणि सजवलेला वृक्ष हे चित्र जगभर कसे पसरले ? या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्रापेक्षा मुद्रण, व्यापार आणि जाहिरात यांच्या इतिहासात सापडते. नाताळाचा वृक्ष मूळचा जर्मन भाषक प्रदेशातील. राणी व्हिक्टोरिया आणि तिचे जर्मन पती आल्बर्ट यांचे सजवलेल्या वृक्षाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि ही प्रथा इंग्रजी मध्यमवर्गात पसरली. सांताक्लॉजचे मूळ चौथ्या शतकातील संत निकोलस यांच्यात आहे. ते मायरा या गावचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, बिशप होते. डच लोकांच्या लोकाचारातून ही व्यक्तिरेखा अमेरिकेत आली. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने तिला आकार दिला, तर १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तिचे लाल वेषातील गुबगुबीत रूप घरोघरी नेले.

जपानमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या जेमतेम एक टक्का आहे. तरीही १९७४ च्या एका जाहिरात मोहिमेनंतर नाताळाला तळलेली कोंबडी खाणे हा तेथील शहरी रिवाज झाला. आपल्या भित्तिपत्रकांवरील चित्रही याच प्रवासातून आलेले आहे. ते खोटे नाही. परंतु ते एका विशिष्ट प्रदेशाचे, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील स्थानिक रूपच होय. त्याला सर्व ख्रिस्ती जगाचे प्रातिनिधिक चित्र मानणे, ही चूक आहे.

५. मराठी मुलखातील नाताळ

मराठी मुलखात नाताळ प्रामुख्याने दोन वाटांनी आला. एक किनाऱ्यावरील पोर्तुगीज-कॅथलिक वाट आणि दुसरी देशावरील प्रॉटेस्टंट मिशनांची वाट.

*(अ) गोवा, वसई आणि मुंबई :* गोव्यात २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेला 'कोंबड्याची मिसा' या अर्थाचे पोर्तुगीज नाव आहे. घरोघरी गोड पदार्थांचे ताट तयार करून शेजाऱ्यांकडे पाठवले जाते. त्यात अंड्याचा बलक व नारळाचे दूध यांचे थरावर थर देऊन केलेली बेबिंका असते, तांदळाचे पीठ, गूळ व नारळाच्या दुधाचे दोदोल असते, आणि नेवऱ्योही असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. गोव्यातील हिंदू घरांत ती चतुर्थीला होते, ख्रिस्ती घरांत नाताळाला. एका ताटात पोर्तुगाल आणि कोकण शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांच्या विजयानंतर सत्ता गेली, पण ख्रिस्ती समाज राहिला आणि आपल्या बोलींसह मराठीच राहिला. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ आदी समाजांत नाताळाच्या निमित्ताने गोठ्याचे देखावे उभारले जातात, त्यांच्या स्पर्धाही होतात. असा देखावा प्रथम इटलीतील ग्रेचो येथे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये साकारला, असे मानतात. वसईत पोहोचेपर्यंत त्याचे रूपांतर गणेशोत्सवातील आराशीशी नाते सांगणाऱ्या सामूहिक कलेत झाले. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात या दिवशी फुगे आणि सोरपोतेल यांचा बेत असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) कॅथलिक उपासना लॅटिनऐवजी लोकभाषांत होऊ लागली आणि नाताळाची मिसा मराठीत आली.

साहित्याच्या अंगाने पाहता ही परंपरा याहून जुनी आहे. जन्माने इंग्रज असलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात येशूचे चरित्र पुराणाच्या घाटात सांगितले आहे. ख्रिस्तजन्माची कथा मराठीत ओवीबद्ध झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये सजवलेल्या वृक्षाचा मागमूसही नव्हता.

हा प्रवास सर्वस्वी सुखाचा मात्र नव्हता. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने नवख्रिस्ती घरांतील अनेक स्थानिक चालीरीतींवर बंदी घातली. म्हणजे गाणी आणि पदार्थ टिकले, ते बऱ्याचदा राज्यकर्त्यांच्या इच्छेविरुद्ध. ती टिकवली ती मुख्यतः घरातील स्त्रियांनी, असे म्हणणे वावगे ठरू नये. कारण स्वयंपाक आणि लोकगीते ही त्यांचीच क्षेत्रे होती.

*(आ) अहिल्यानगर आणि मराठवाडा :* देशावरील चित्र निराळे आहे. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे त्यांचे केंद्र सुरू झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे जालन्याजवळ, दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी 'बेथेल' ही वसाहत वसवली. शेषाद्री यांचा संबंध स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी होता. वर नमूद केल्याप्रमाणे न्यू इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोन्ही प्रदेशांतील या पंथांत नाताळाचा उत्सव परंपरेने मोठा नव्हता. नाशिक व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) परिसरात काम करणाऱ्या अँग्लिकन मिशनची गोष्ट अर्थातच वेगळी होती.

यावरून एक अनुमान संभवते. ज्यांनी धर्म आणला त्यांच्याकडे सणाचा तयार साचा फारसा नव्हता. त्यामुळे सण कसा करावा, हे ठरवण्यास मराठी ख्रिस्ती कुटुंबांना मोकळीक मिळाली, आणि ती जागा त्यांनी परिचित साधनांनी भरली. आजही या भागातील ख्रिस्ती घरांत नाताळाला करंजी, शंकरपाळी, चकली, चिवडा आणि लाडू होतात. दिवाळीच्या फराळाचे हे पदार्थ ताटात भरून शेजाऱ्यांकडे जातात. दारावर कागदी तारा लागतो. तो बनवण्याची कामट्या आणि रंगीत कागदाची रीत आकाशकंदिलाचीच आहे. तरुणांचे गट रात्री घरोघरी जाऊन नाताळगीते गातात. कॅरलच्या या फेरीत पेटी असते, ढोलकी असते, टाळ असतात.

गीतांच्या बाबतीत रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे कार्य मूलभूत आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अहमदनगर येथे दीर्घकाळ कार्य केले. तुकारामांच्या अभंगवाणीतूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांची शंभराहून अधिक गीते 'उपासना संगीत' या संग्रहात असून ती आजही मराठी चर्चांत गायली जातात. त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली होती. पूर्वरंग, उत्तररंग आणि आख्यान या घाटात ख्रिस्तजन्माची कथा सांगता येते, हे त्यांच्या परंपरेने सिद्ध केले. शिवकीर्तन ऐकणारा कपिलधारचा श्रोता आणि ख्रिस्ती कीर्तन ऐकणारा अहिल्यानगरचा श्रोता यांची दैवते भिन्न आहेत. पण दोघांचे कान एकाच परंपरेने घडवले आहेत.

या परंपरेला मराठी साहित्यविश्वाची सार्वजनिक मान्यता मिळाली ती बीडच्या शेजारीच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. त्यांच्या 'सुबोध बायबल' या मराठी अनुवादास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला होता. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

६. गव्हाणीचा अर्थ

मराठी बायबलमध्ये नवजात येशूला 'गव्हाणी'त ठेवल्याचा उल्लेख येतो. हा शब्द शेतकऱ्याच्या गोठ्यातला आहे. ज्याच्या दारी बैल आहेत त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. जागा न मिळालेले प्रवासी जोडपे, परक्या गावी झालेले बाळंतपण, गोठ्यातला निवारा : ही कथा युरोपातील श्रीमंत शहरांत प्रतीक बनून राहते. बीड जिल्ह्यात मात्र तिला जिवंत संदर्भ आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास येथील लक्षावधी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. डिसेंबरच्या थंडीत ते फडाजवळच्या कोप्यांत राहतात. त्यांत गर्भवती स्त्रियाही असतात. या कामगारांचा नाताळाशी धार्मिक संबंध असो वा नसो, कथेचा गाभा समजून घेण्यास लागणारा अनुभव त्यांच्याजवळ आहे. मेक्सिकोतील पोसादा आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायचा असेल, तर बर्फाच्या चित्रापेक्षा कोपीचे उदाहरण अधिक उपयुक्त ठरेल.

७. निष्कर्ष

१. नाताळाची कथा सामाईक असली तरी तिथीपासून पदार्थांपर्यंत त्याचे प्रत्येक अंग स्थानिक निवडीने घडलेले आहे. 'मूळ' किंवा 'शुद्ध' नाताळ असे एकच रूप दाखवता येत नाही.

२. सांताक्लॉज, वृक्ष आणि बर्फ हे चित्रही एक प्रादेशिक रूपच आहे. मुद्रण आणि जाहिरात यांच्या बळावर ते सार्वत्रिक भासते.

३. मराठी नाताळाला 'ख्रिस्तपुराणा'पासून मोजल्यास चारशेहून अधिक वर्षांची वाङ्मयीन परंपरा आहे. त्यास परका सण म्हणणे इतिहासाला धरून नाही. तसेच मराठी ख्रिस्ती व्यक्तीला पाश्चात्त्य संस्कृतीची प्रतिनिधी मानणेही चुकीचे आहे.

४. एकाच प्रदेशातील निरनिराळे धर्मसमाज आशयाने भिन्न राहूनही आविष्काराची साधने एकमेकांशी वाटून घेतात. सामाजिक सहजीवनाचा हा पाया उपदेशाने घातलेला नाही. तो स्वयंपाकघरात, भजनी मंडळात आणि कंदिलाच्या कामट्यांत आपोआप घातला गेला आहे.

या निष्कर्षांचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि गृहविज्ञान या विभागांना एकत्रितपणे एक लहान प्रकल्प हाती घेता येईल. आपल्या तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबांतील ज्येष्ठांकडून नाताळगीते, पदार्थांच्या कृती, कीर्तनाच्या वह्या आणि आठवणी विद्यार्थ्यांनी नोंदवून घ्याव्यात. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मौखिक ठेवा वृद्ध पिढीच्या स्मरणात आहे आणि ती पिढी वेगाने ओसरत आहे. ग्रंथालयात 'ख्रिस्तपुराण', 'स्मृतिचित्रे' आणि 'उपासना संगीत' बहुधा असतात अथवा सहज आणता येतात. पण एखाद्या आजीबाईंच्या तोंडी असलेले, कोठेही न छापलेले नाताळाचे गाणे विकत मिळणार नाही. त्याची नोंद करण्याचे काम आपल्याच विद्यार्थ्यांना, आणि तेही लवकर, करावे लागेल.